सात ते तीन

लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात १९ एप्रिलला मतदान झाले. मतदारसंघ एक, उमेदवार तेच, यंत्रेही तीच. तरी निवडणूक आयोगाच्या वेळापत्रकात या मतदारसंघापुढे दोन वेळा छापल्या आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी आणि चिमूर या विधानसभा क्षेत्रांत मतदान सकाळी सात ते सायंकाळी सहा. आमगाव, आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी या चार क्षेत्रांत मात्र सकाळी सात ते दुपारी तीन. म्हणजे चिमूरच्या मतदाराला मत द्यायला अकरा तास, अहेरी क्षेत्रातल्या भामरागडच्या मतदाराला आठ.

सरकारी कारण सगळ्यांना पाठ आहे: नक्षलग्रस्त भाग, सुरक्षेचा प्रश्न. ते खोटे नाही. पण सुरक्षेचा प्रश्न म्हणून तीनच का, चार किंवा पाच का नाही, याचे उत्तर त्या ओळीत नाही. ते शोधायला त्या ओळीच्या आजूबाजूचे कागद वाचावे लागतात: केंद्राध्यक्षाने भरायचे नमुने, हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांवरचा लेखापरीक्षण अहवाल, संरक्षण आणि गृह खात्यांची निवेदने, पोलिसांवरच्या हल्ल्यांच्या नोंदी. हे सगळे एका फायलीत कधीच सापडत नाहीत. एकाच हेलिकॉप्टरच्या फेऱ्या कधी निवडणूक खर्चात असतात, कधी अंतर्गत सुरक्षेत, कधी पूरनिवारणात. म्हणून तुकडे जोडत जावे लागते.

आधी दुपारी तीनचा हिशेब.

मतदान तीनला संपते, म्हणजे दार तीनला बंद होते. रांगेत उभ्या असलेल्यांना केंद्राध्यक्ष शेवटून सुरुवात करून चिठ्ठ्या वाटतो, आणि त्यांची मते होईपर्यंत यंत्र चालू राहते. मग कंट्रोल युनिटवरचे ‘क्लोज’चे बटण दाबायचे. झालेल्या मतांची संख्या ‘१७ सी’ या नमुन्यात भरायची, हजर असलेल्या मतदान प्रतिनिधींना त्याच्या प्रती द्यायच्या, दैनंदिनी पुरी करायची, यंत्रे पेट्यांत घालून मोहोरबंद करायची. निवडणुकीचे काम केलेल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा, यात तास सहज जातो. त्यानंतर पोलिसांच्या कड्यात चालत बेस कॅम्पपर्यंत, म्हणजे बहुतेक वेळा जवळच्या पोलीस मदत केंद्रापर्यंत यायचे. ही वाट कुठे दोन किलोमीटरची असते, कुठे दहाची.

आता दुसरी बाजू. विधानसभेसाठी २००९ मध्ये मतदान १३ ऑक्टोबरला झाले. त्या सुमाराला भामरागडला सूर्य पावणेसहाला मावळतो, आणि जंगलात अंधार त्याआधीच उतरतो. तीन वाजता दार बंद केले तर उजेडाचे पावणेतीन तास हाती राहतात. त्यात मोहोर, चाल आणि जमले तर पहिली उड्डाणे. सहा वाजता बंद केले तर काहीच उरत नाही. हे कुठल्या आदेशात लिहिलेले नाही, हे माझे अनुमान आहे. पण सात ते तीन ही वेळ सूर्य, पाय आणि पंखा या तिन्हींचा मेळ घालून काढली असावी, असे मानल्याशिवाय ते तीन तास जुळत नाहीत.

या भागात शिरायची वाट शोधण्याचा उद्योग मात्र हेलिकॉप्टरपेक्षा बराच जुना आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना नागपूर-वऱ्हाडचा कापूस गोदावरीतून पूर्व किनाऱ्यावर न्यायचा होता. वाटेत खडकाळ उतारांचे तीन मोठे अडथळे होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि अहेरीजवळ प्राणहितेवरचे देवलमरी. कालवे खोदले, बांध घातले, वर्षानुवर्षे पैसा ओतला आणि १८७१ मध्ये काम सोडून दिले. तोवर कापसाला रेल्वे मिळाली होती. कापूस गेला दुसऱ्या वाटेने, आणि प्राणहितेकाठचा मुलूख होता तिथेच राहिला.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत अहेरीच्या पलीकडे काय बदलले? आलापल्लीचे सागवान बाहेर गेले, त्यासाठी लागणाऱ्या वाटा झाल्या. बाबा आमटे यांनी डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हाही पावसाळा लागला की मधले नाले भरून वाट बंद होई. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तीन नद्या भामरागडला एकत्र येतात. पर्यटनाच्या पुस्तिकेत तो त्रिवेणी संगम असतो. तहसीलदाराच्या दृष्टीने ती तीन बाजूंची कोंडी. चंद्रपूरचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा झाला तो या दुर्गमपणामुळेच. साडेचौदा हजार चौरस किलोमीटरांचा जिल्हा, त्याचा तीन चतुर्थांश भाग वन.

जिल्हा होण्याआधीच, नोव्हेंबर १९८० मध्ये, सिरोंचा तालुक्यात मोयाबिनपेठा इथे पेद्दी शंकर हा नक्षलवादी पोलिसांच्या गोळीने मारला गेला होता. पुढची वर्षे इथे फिरून सांगायची गरज नाही. आपल्या विषयापुरती एक गोष्ट महत्त्वाची: भूसुरुंग. स्थानिक आदिवासी तरुणांना घेऊन पोलिसांनी १९९० मध्ये सी-६० पथक उभे केले. या पथकाने जंगलातून पायी चालायची सवय लावून घेतली, कारण रस्त्यावरून गाडीने जाणे हाच मोठा धोका होऊन बसला होता. रस्ता नसेल तर जाता येत नाही, आणि असेल तर त्याखाली काय पुरले आहे ते ठाऊक नाही. रस्त्यात सुरुंग आहे का ते तपासत ‘रोड ओपनिंग’ला निघालेली तुकडी तासाला किती सरकते हे पाहिलेल्या माणसाला हेलिकॉप्टरचा हट्ट समजावून सांगावा लागत नाही.

२००९ या वर्षाच्या तारखा एका ओळीत मांडून पाहाव्यात. १ फेब्रुवारी, मरकेगाव: १५ पोलीस ठार. १६ एप्रिल: लोकसभेचे मतदान. २१ मे, हत्तीगोटा: १६ पोलीस ठार, त्यात ५ महिला. ८ ऑक्टोबर, लाहेरी: १७ पोलीस ठार. १३ ऑक्टोबर: विधानसभेचे मतदान. तीन घटनांत ४८ पोलीस, आणि त्यांच्या जोडीला दोन निवडणुका. लाहेरी भामरागडच्याही पुढे, छत्तीसगडच्या सीमेलगत आहे. तिथल्या चितांना पाच दिवस होत नाहीत तो त्याच तालुक्यातल्या मतदान केंद्रांवर शाईची बाटली आणि यंत्र घेऊन शिक्षक-तलाठ्यांना पोचवायचे होते. त्यांना हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पोचवले.

त्या फेऱ्या करणाऱ्यांच्या मनात काय असेल, त्याचा माग आधीच्या वर्षातल्या एका घटनेत लागतो. छत्तीसगड विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी, १४ नोव्हेंबर २००८ ला, विजापूर जिल्ह्यातल्या पिडिया गावातून मतदान यंत्रे आणि कर्मचारी घेऊन एक एमआय-८ हेलिकॉप्टर वर उठत असताना त्यावर जंगलातून गोळीबार झाला. फ्लाइट इंजिनिअर सार्जंट मुस्तफा अली आतच मरण पावले. वैमानिकांनी हेलिकॉप्टर तसेच वर काढून परत आणले. विजापूर म्हणजे इंद्रावतीच्या पलीकडचा तीर, भामरागड-सिरोंचाचा शेजार. या हेलिकॉप्टरात बॉम्ब नव्हते, बंदूकधारी तुकडी उतरवून ते निघाले नव्हते. आत होती ती मोजायची मते.

तेव्हा हवाई दलाच्या वैमानिकाला देशांतर्गत अशा कामावर असताना गोळीला गोळीने उत्तर द्यायची मुभा नव्हती. ती मागितली गेली २००९ मध्ये, आणि मागणारे हवाई दलप्रमुख होते प्रदीप वसंत नाईक: जन्माने नागपूरचे, साताऱ्याच्या सैनिक शाळेचे विद्यार्थी. त्यांच्या त्या वेळच्या आणि पुढच्या वर्षीच्या जाहीर विधानांत दोन गोष्टी एकत्र दिसतात. हेलिकॉप्टरवर गोळी आली तर स्वसंरक्षणार्थ उत्तर देता यावे, ही एक. आणि हवाई दलाने आपल्याच देशात आपल्याच लोकांवर हल्ले चढवू नयेत, कारण सैन्याचे शिक्षण शत्रूची जास्तीत जास्त हानी करण्याचे असते, ही दुसरी. परवानगी मिळाली ती स्वसंरक्षणापुरतीच. हेलिकॉप्टरांत हवाई दलाचे गरुड कमांडो बसू लागले. नंतरच्या वर्षांत ‘वरून हल्ला करा’ अशी आरोळी अधूनमधून उठत राहिली, विशेषतः दंतेवाड्यात ६ एप्रिल २०१० ला ७६ जवान मारले गेल्यावर. ती मानली गेली नाही. माझ्या मते या सगळ्या काळात दिल्लीत घेतलेल्या शहाण्या निर्णयांपैकी हा एक, आणि त्याचे श्रेय नागपूरच्या या गृहस्थांना पुरेसे दिले गेलेले नाही.

२००९ च्या अखेरीस हवाई दलाची ही नक्षलविरोधी कामगिरी ‘ऑपरेशन त्रिवेणी’ या नावाने कायमची झाली. तळ रायपूर, जगदलपूर, रांची. काम माणसे आणि सामान पोचवण्याचे, जखमींना उचलण्याचे.

इथे एक शब्द नीट करून घेतला पाहिजे. गडचिरोलीतले लोक एमआय-१७ ला ‘मोठं हेलिकॉप्टर’ म्हणतात, आणि शाळेच्या मैदानावर उतरताना ते पाहिले तर कुणीही तसेच म्हणेल. मुख्य पंख्याचा व्यास एकवीस मीटरांवर, पोटात बाकांवर समोरासमोर बसलेली दोन डझनांहून अधिक माणसे किंवा चार टन सामान. पण हवाई दलाच्या वर्गवारीत ते ‘मध्यम’. ‘अवजड’ म्हणजे रशियन एमआय-२६, जे वीस टन उचलते. १९८६ पासून भारताने अशी एकूण चारच घेतली. मार्च २०१९ मध्ये चंडीगडला दाखल झालेली अमेरिकी चिनूकही त्याच वर्गात, ती संख्येने पंधरा. ही खरी अवजड हेलिकॉप्टरे हिमालयाच्या कामाची. त्यांनी तोफा वाहिल्या, आणि रस्ते-रेल्वेच्या कामासाठी बुलडोझर व यंत्रांचे भाग डोंगरावर नेऊन ठेवले. म्हणजे तिकडे हेलिकॉप्टरने रस्ता करणारे यंत्र नेले. इकडे ज्या गावाला रस्ता नाही तिथे मतदानाचे यंत्र नेले आणि दुसऱ्या दिवशी परत आणले.

आणि इकडे जे रस्ता करायला आले, त्या यंत्रांचे काय झाले? कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून अधिक वाहने आणि यंत्रे ३० एप्रिल २०१९ च्या रात्री जाळली गेली. तिकडे निघालेल्या शीघ्र कृती दलाच्या गाडीखाली दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळ भूसुरुंग फुटला. १५ पोलीस आणि गाडीचा खासगी चालक जागीच गेले. लोकसभेचे मतदान होऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते.

हेलिकॉप्टर म्हटले की आपल्याला वाटते ते केव्हाही, कुठेही, कितीही नेते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचा एमआय मालिकेच्या हेलिकॉप्टरांवर २०१० मध्ये संसदेपुढे आलेला अहवाल या समजुतीला चांगलाच सुरुंग लावतो. हवाई दलाकडे गरजेपेक्षा हेलिकॉप्टरे कमी होती. जी होती त्यांतल्या बहुतेकांचे ठरवून दिलेले तांत्रिक आयुष्य संपले होते आणि ती वाढवून घेतलेल्या मुदतीवर उडत होती. लाहेरीच्या वर्षी भामरागडच्या आकाशात जी हेलिकॉप्टरे आली ती या ताफ्यातली. नव्या एमआय-१७ व्ही-५ चा करार रशियाशी डिसेंबर २००८ मध्ये झाला होता, ८० हेलिकॉप्टरांचा. पहिली तुकडी रीतसर दाखल झाली १७ फेब्रुवारी २०१२ ला. पुढे एकूण आकडा १५१ वर गेला. एवढ्या मोठ्या देशात पूर, भूकंप, सियाचीन, ईशान्य भारत आणि निवडणुका यांत तो वाटला की एका जिल्ह्याच्या वाट्याला मोजकीच येतात.

त्यात एप्रिल. लोकसभेची निवडणूक बहुधा याच महिन्यात येते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीचा एप्रिल काय असतो ते विदर्भाबाहेरच्यांना सांगून पटत नाही. पारा बेचाळीसच्या पुढे सरकला की हवा विरळ होते. विरळ हवेत पंख्याला तितकी उचल मिळत नाही, म्हणून सकाळी सातला जेवढी माणसे नेता येतात तेवढी दुपारी बाराला नेता येत नाहीत. त्यामुळे फेऱ्या पहाटेपासून लावायच्या. माणसांची नावनिशी आणि वजन आधी लिहून घ्यायचे, यंत्रांच्या पेट्या मोजून चढवायच्या. उतरायच्या जागी, म्हणजे बहुधा आश्रमशाळेच्या किंवा पोलीस ठाण्याच्या मैदानावर, आदल्या दिवशी झाडलोट आणि पाण्याचा शिडकावा, नाहीतर लाल फुफाटा असा उठतो की वैमानिकाला जमीन दिसत नाही. वारा कुठल्या बाजूने आहे ते वरून कळावे म्हणून धूर करायचा. जवान मैदानाभोवती पाठ करून, जंगलाकडे तोंड करून उभे राहतात. हेलिकॉप्टर टेकले तरी पंखा थांबत नाही. पोलिंग पार्टी वाकून, पेटी छातीशी धरून पळत उतरते, त्याच दाराने दुसरी चढते, आणि दोन-चार मिनिटांत ते वर.

हेच दिवस मोहाचे. ज्या पायवाटेने पोलिंग पार्टी जाते तिच्या दोन्ही बाजूंना बायका-पोरे पहाटेपासून मोहफुले वेचत असतात. मतदारांनाही चालावे लागतेच, कारण धोक्याच्या गावांतली केंद्रे पोलीस ठाण्यांजवळच्या गावांत हलवली जात. मत द्यायला आठ-दहा किलोमीटर पायी येऊन, तीनच्या आत हजर. एवढे असून २०१९ आणि २०२४ या दोन्ही लोकसभांत महाराष्ट्रात सर्वांत जास्त मतदान याच मतदारसंघात झाले, २०२४ ला ७१.८८ टक्के. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतल्या मंडळींनी हा आकडा एकदा मोठ्याने वाचावा.

निवडणूक पाच वर्षांतून एकदा-दोनदा. बाकीच्या दिवसांत हेलिकॉप्टर येते ते जखमींसाठी. मर्दिनटोल्याच्या जंगलात १३ नोव्हेंबर २०२१ ला झालेल्या चकमकीत माओवादी नेते मिलिंद तेलतुंबडे यांच्यासह २६ माओवादी मारले गेले, मागाहून तो आकडा २७ झाला. त्यात जखमी झालेल्या सी-६० च्या चार जवानांना हेलिकॉप्टरने नागपूरला नेले. रस्त्याने गडचिरोली ते नागपूर पावणेदोनशे किलोमीटर, आणि त्याआधी जंगलातून गडचिरोलीपर्यंतचे अंतर वेगळेच. या कामासाठी दर वेळी हवाई दलाकडे हात पसरणे परवडेना, म्हणून गडचिरोली पोलिसांसाठी पवनहंस कंपनीचे हेलिकॉप्टर भाड्याने आले, आणि पुढे राज्याने पोलिसांसाठी स्वतःचे घ्यायचे ठरवले. ते लहान. त्यात दोन डझन माणसे मावत नाहीत, पण एक स्ट्रेचर मावते आणि दिवसाच्या कुठल्याही वेळी हुकूम घ्यायला दिल्लीला विचारावे लागत नाही.

गावकऱ्यांच्या दृष्टीने या सगळ्यात एक बोचरी गोष्ट होती. जवानासाठी, मतपेटीसाठी, मंत्र्यासाठी हेलिकॉप्टर. खाटेला दोरी बांधून, खांद्यावर घेऊन बाळंतिणीला नाल्यापार नेणाऱ्यांसाठी ते नव्हते. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी भामरागडच्या बाजारपेठेत पुन्हा पुन्हा शिरले, तेव्हा तालुक्याचा जगाशी संबंध दिवसचे दिवस तुटत होता. अलीकडच्या काही पावसाळ्यांत पुरात अडकलेल्या गरोदर महिलांना पोलिसांच्या हेलिकॉप्टरने गडचिरोलीला आणल्याच्या बातम्या येऊ लागल्या आहेत. बातमी व्हावी इतके ते अजून दुर्मीळ आहे, पण सुरुवात झाली हे मान्य केले पाहिजे.

इतके कागद पुढे ओढल्यावर माझा निष्कर्ष असा: इथल्या आकाशातली प्रत्येक फेरी म्हणजे खालच्या न झालेल्या रस्त्याची नोंद आहे. जिथे फेऱ्या जास्त, तिथे रस्ता कमी. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या प्रगती अहवालांपेक्षा हा हिशेब मला जास्त खरा वाटतो, कारण तो कुणी स्वतःची पाठ थोपटायला लिहिलेला नाही.

आणि हा हिशेब बदलू लागला आहे. एटापल्ली तालुक्यात गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी हा ३२ किलोमीटरांचा रस्ता झाला. गर्देवाड्याला आधी पोलीस ठाणे बसले, मग अहेरीहून एसटीची बस. तिला १ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हिरवा झेंडा दाखवला. स्वातंत्र्यानंतर त्या वाटेवर धावलेली ही पहिली बस. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. त्या दिवसाची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. मला मात्र अहेरीच्या आगारातला बसचा फलक जास्त महत्त्वाचा वाटतो.

लोकसभेची पुढची निवडणूक २०२९ मध्ये व्हायची आहे. तेव्हा वेळापत्रक छापून येईल. वाचकांनी उमेदवारांची यादी वाचून झाल्यावर गडचिरोली-चिमूरपुढची ओळ शोधावी आणि अहेरीपुढे किती वाजेपर्यंत लिहिले आहे तेवढे पाहावे.